नानांच्या वावरातली गाडवाट

आमच्या गावात बैलगाडी आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. लाकडी चाकांना लोखंडी धावा चढवलेल्या असत आणि प्रत्येक गाडीचा आवाज वेगळा असे. आमच्या गाडीचं डावं चाक कुरकुरायचं. कितीही वंगण घाला, चार दिवसांत त्याचं गाऱ्हाणं पुन्हा सुरू. माय चुलीपुढे बसलेली असायची, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाचा गोळा परातीत मळून तयार, आणि नानांच्या वावराच्या कोपऱ्यावरून ती कुरकुर ऐकू आली की ती पहिली भाकरी थापायला घ्यायची. भाऊ, म्हणजे माझे वडील, बैल सोडून, त्यांना पाणी दाखवून, हातपाय धुऊन घरात येईपर्यंत भाकरी टम्म फुगून चुलीच्या तोंडाशी उभी असायची. यात कधी चूक झालेली मला आठवत नाही. घरात घड्याळ होतं, पण ते भिंतीवर शोभेपुरतं. आता धुळ्याला मुलाच्या घरी दिवसभर काही ना काही वाजत असतं, दार, कुकर, फोन, आणि तरी जेवण कुणाचंच वेळेवर होत नाही. म्हातारपणी माणसाला असल्या तुलना करायची खोड लागते. ती मलाही लागली आहे, वाचणाऱ्यानं तेवढं सोडून द्यावं.

आमचं वावर गिरणेच्या काठाला होतं. गाव आणि आमचं वावर यांच्यामध्ये नानांचं वावर. नाना म्हणजे भाऊंचे चुलतभाऊ, थोरल्या पातीचे, त्यामुळे भाऊबंदकीतलं कुठलंही कार्य त्यांच्या घरी व्हायचं आणि कुठलाही शब्द शेवटी त्यांचाच चालायचा. त्यांच्या काळ्याभोर जमिनीतून, मधोमध, एक गाडवाट नदीकडे जात होती. ती कुणी आखलेली नव्हती. कुठल्या कागदावर नव्हती, नकाशात नव्हती. आमच्या आणि नानांच्या आजोबांचं वावर एक होतं तेव्हापासून चाकं तिथून गेली होती, म्हणून ती वाट होती. दोन चाकोऱ्या आणि मध्ये बैलांच्या खुरांनी तुडवलेला पट्टा. इतका कडक, की पावसाळ्यात आजूबाजूचं रान चिखलानं भरलं तरी त्या वाटेवर नुसती ओल दिसे. दुसरी वाट होती ती नाल्यातून, दगडगोट्यांची, लांबच्या वळणाची. तिच्यावरून गाडी नेली की बैल आणि माणूस दोघंही त्या दिवशी कुणाशी बोलण्याच्या मनःस्थितीत नसत.

भाऊ तसेही फार बोलत नसत. त्यांचा सगळा हट्ट गप्प राहण्यात होता. मायला याचा फार राग. ती म्हणायची, भांडणारा माणूस परवडला, त्याला उत्तर तरी देता येतं. आमच्या घरात चौघंच, भाऊ, माय, मी आणि माझा धाकटा भाऊ शरद. सकाळी कळण्याची भाकरी आणि ठेचा, दुपारी वावरात तेच, रात्री दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भाकरी आणि डाळ किंवा पातोड्यांचा रस्सा. वांगी आली की सगळा हिवाळा भरीत. यात कुणाची तक्रार नव्हती, कारण दुसरं काही असतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मी तोवर गावची शाळा संपवून घरी बसले होते आणि माझ्या लग्नाची बोलणी दारात येऊ लागली होती. ज्या वर्षाची गोष्ट मी सांगते आहे, त्याच्या आदल्या पावसाळ्यात भाऊंनी नदीकाठच्या त्या वावरात पहिल्यांदा केळी लावली. विहिरीला पाणी होतं. फैजपूरकडची माणसं केळीवर माड्या बांधतात हे त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. वर्षभर त्यांनी त्या बागेचं जे केलं ते आमच्यापैकी कुणाचंही केलं नाही. शरदला ताप आला तरी संध्याकाळी बागेला पाणी पाजूनच घरी यायचे. मला त्या केळीचा तेव्हा थोडा हेवा वाटायचा, आणि अजूनही वाटतो असं म्हटलं तरी चालेल.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली, आणि नाना एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. मायनं चहा दिला. नानांनी बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश प्यायला आणि मग म्हणाले, "भाऊ, ते नदीवरलं वावर माले दे. गावजोडेनं मन्हं मुरमाड वावर तू ली ले. तुले बी जवळ पडी, माले बी एकजागी व्हई."

भाऊ म्हणाले, "केळी निसवी ऱ्हायनी नाना." बाग निसवते आहे, घड बाहेर पडायला लागलेत, असं त्यांना म्हणायचं होतं. आणि नकार एवढाच होता.

"मंग मी बी मन्हं वावर पुरं वाहसू," नाना उठता उठता म्हणाले. "मधमा रस्ता ठेवाले ते काय सरकारनं शे का?"

भाऊ "बरं" म्हणाले. आठ दिवसांच्या आत नानांनी ती गाडवाट नांगरली. ती सहजासहजी फुटेना. एका जोडीनं नांगराचा फाळ नुसता खरवडून जायचा. मग लोखंडी नांगर आणला, तीन बैलजोड्या जुंपल्या, आणि दुपारपर्यंत मोठमोठी ढेकळं उलथून टाकली. मी विहिरीवरून पाहत होते. ढेकळांच्या खालच्या बाजू ओल्या आणि चकचकीत होत्या. भाऊ बागेत पाणी वळवत होते, त्यांनी मान वर केली नाही. नंतर पाऊस झाला, नानांनी सगळीकडून सारखी कपाशी लावली आणि आमच्या बांधावर बाभळीच्या काट्या टाकल्या. आषाढात तिथं वाट होती हे परक्या माणसाला सांगूनही पटलं नसतं.

त्या दिवसापासून मायच्या भाकरीचं गणित बिघडलं. भाऊ नाल्यानं चालत जायचे, चालत यायचे. गाडी दारात उभी, चाकाची कुरकुर बंद. ते कधी दारात येऊन उभे राहतील याचा नेम नाही, त्यामुळे भाकरी कधी गार तर कधी कच्ची. माय पहिल्यांदा चिडली, मग नुसती गप्प झाली. आमच्या घरात तेव्हा दोन माणसं गप्प होती आणि उरलेली दोन, म्हणजे मी आणि शरद, हळू आवाजात बोलत होतो.

श्रावण लागता लागता एरंडोलचे रहीमचाचा बाग बघायला आले. त्यांचं घराणं फळांच्या व्यापारातलं. आंब्याच्या दिवसांत आंबे, केळीच्या दिवसांत केळी. ते नाल्यातून चालत आले, पायजमा गुडघ्यापर्यंत वर धरून, आणि बागेत शिरल्यावर मात्र एकेका घडाखाली थांबून, हात लावून, मान हलवत फिरले. भाऊ त्यांच्या मागे मागे. वर्षभरात मी भाऊंचा चेहरा इतका उघडा पाहिला नव्हता. मग चाचा विहिरीच्या कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "भाऊ, माल एक नंबर शे. पन मन्ही गाडी मी लावू कोठे? नाल्यामाईन हाऊ घड गया ते एरंडोल येता येता शिरा व्हई जाई." केळीच्या घडाला गाडीत खाली पाला अंथरून, मध्ये पाला घालून, तान्ह्या पोरासारखं न्यावं लागतं. एकदा दचकला की साल काळी पडते आणि मग त्याला कुणी हात लावत नाही. भादव्यात घड उतरायला येणार होते. त्याआधी वाट मिळाली तर बाग, नाहीतर वर्षाची मेहनत झाडावरच पिकून पडणार, आणि पुढच्या वर्षी नानांचं मुरमाड वावर भाऊंना घ्यावंच लागणार. हे चाचांना कळत होतं, भाऊंना कळत होतं आणि नानांनाही. लोक म्हणाले, मामलेदाराकडे अर्ज कर. भाऊंनी केला नाही. भाऊबंदावर कागद करायचा नाही, एवढं एक त्यांच्या मनात पक्कं होतं.

अशात कानबाई आली. आमच्या खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई बसते. एकेका भाऊबंदकीची एक कानबाई, आणि आमची नानांच्या घरी. नारळाला डोळे, नथ, लुगडं करून चौरंगावर बसवायची, रात्रभर गाणी, सकाळी वाजत गाजत नदीवर. पण आमच्याकडे खरं महत्त्व रोटांचं. कुळातल्या प्रत्येक घरानं आपल्या घरातल्या पुरुषांच्या नावानं गव्हाच्या मुठी मोजून, वर गुळाचा खडा ठेवून, नानांच्या घरी द्यायच्या. पाळण्यातला मुलगा असला तरी त्याच्या नावाची मूठ. पोरींच्या नावाची मूठ नसे, त्या परक्या घरी जायच्या. ते गहू गिरणीत न्यायचे नाहीत, घरच्या जात्यावर दळायचे, गुळाच्या पाण्यात भिजवायचे आणि जाड जाड रोट भाजायचे. ते फक्त कुळातल्यांनी खायचे. लग्न झालेली लेक आली तर तिला दुसरं वाढायचं. रोट घराबाहेर न्यायचा नाही, गुराढोरांना घालायचा नाही, आणि पौर्णिमेपर्यंत सगळे संपलेच पाहिजेत. एकेका कुळाची रीत थोडी वेगळी असते. आमच्यात आणखी एक होतं. प्रत्येक पुरुषाच्या नावाचा एक रोट बाजूला असायचा, आणि तो ज्याच्या नावाचा त्यानंच खायचा.

भाऊंनी शनिवारी आपली आणि शरदची मूठ मोजली. मला वाटलं, भांडण मिटलं. रविवारी मायला म्हणाले, "पोरेसले ली जाय." आम्ही गेलो. मोठमाय, म्हणजे नानांची बायको, मोठ्या पातेल्यात गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी ढवळत होती. तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला. बायकांना या वाटेच्या भांडणाचं काही देणंघेणं नाही असं दाखवायची त्या घरात पद्धत होती. पंगत बसली, पुरुष एका बाजूला, शरद त्यांच्यात. आणि एका पाटावर कुणीच नव्हतं. भाऊ आले नाहीत. नानांनी शरदला विचारलं, तो म्हणाला, भाऊ बागमा शेतस. सगळे जेवले. भाऊंच्या नावाचा रोट ताटात तसाच राहिला आणि मोठमायनं तो उचलून देवघरात टोपलीखाली झाकून ठेवला. सोमवारी येईल, असं सगळ्यांना वाटलं. सोमवारी कानबाई नदीवर गेली, भाऊ नदीपर्यंत आले, नमस्कार केला आणि बागेत निघून गेले.

आता ही काही फार मोठी गोष्ट नव्हती. एक रोट. पण तो कुणाला खाता येईना, टाकता येईना, बाहेर नेता येईना. पौर्णिमेनंतर तो राहिला तर काय होतं, हे गावात कुणालाच सांगता येत नव्हतं, कारण तसं कधी झालंच नव्हतं. आणि ज्याचं काय होतं ते ठाऊक नसतं, त्याला माणूस जास्त भितो. त्यात नानांची सून पोटुशी होती, सातवा महिना. मोठमायच्या डोळ्याला झोप राहिली नाही. ती रोज टोपली उचलून रोट बघायची. तो वाळत चालला होता. म्हणून काही बदलणार नव्हतं, पण ती बघायची.

मायला हे कळलं तेव्हा तिनं भाऊंना जेवताना धरलं. "त्या घरमा पोटुशी पोर शे," ती म्हणाली. "काही कमीजास्त व्हयनं ते गाव तुमलेच बोल लाई. रस्ता गया खड्डामा. जा नि खाई या."

भाऊंनी घास गिळला. "मी खात नही असं कोठे सांगं? खासू ना. मन्हा वावरमाईन गाडीवर बशीसन येसू, नि खासू."

गाडी म्हणजे नानांच्या वावरातून, त्यांनी वाट दिली तरच, हे मायला कळायला एक क्षण लागला. मग तिनं भाकरीचं टोपलं जरा जोरात खाली ठेवलं. ती मला नंतर म्हणाली होती की तुझ्या बापाच्या पोटात एवढं असेल हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं. तिला राग आला होता, आणि मला वाटतं, थोडं कौतुकही. तरीही तिनं ते सगळं जसंच्या तसं मोठमायच्या कानावर घातलं. मला विचाराल तर मला त्या वेळी भाऊंचा राग आला होता. नानांची सून माझ्याहून थोडीच मोठी होती. ती मला विणकाम शिकवायची.

पौर्णिमेला दोन दिवस राहिले असताना मोठमायनं मला हाक मारली. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं देवघरातून टोपली आणली, वरचं फडकं काढलं आणि रोट माझ्या हातात दिला. कडेनं तो वळून वर आला होता. "सुमे, तू त्यानीच पोर ना," ती हळूच म्हणाली. "आजून तुन्हं लगीन नही. कुळनीच शेस. तू खाई टाक. कोनले सांगू नको. मी सांगसू, भाऊ ई गया नि खाई गया."

मी तो हातात धरून उभी राहिले. चार घासांचं काम होतं. मोठमाय सुटली असती, ती सून सुटली असती, आमच्या घरातली मुकी माणसं बोलायला लागली असती. बागेचं मात्र काय झालं असतं तेही मला कळत होतं. पण मी थांबले ते बागेसाठी नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यात दुसरंच आलं आणि ते तसंच तोंडातून बाहेर पडलं. "मोठमाय, मन्हा नावनी मूठ कधी घाली का कोनी? हाऊ भाऊना नावना शे. मी कशी खाऊ?"

मी उद्धटपणे म्हटलं नव्हतं. ती रीत होती आणि मी रीत सांगितली. पण मोठमाय माझ्याकडे पाहत राहिली, जणू ही गोष्ट तिनंही पहिल्यांदाच ऐकली. तिच्या नावाची मूठही तिच्या माहेरी कुणी घातली नव्हती. तिनं रोट परत घेतला, टोपलीखाली ठेवला आणि मला गूळ-शेंगदाणे दिले. त्या रात्री ती नानांशी काय बोलली ते मला ठाऊक नाही.

पौर्णिमेच्या सकाळी भाऊंनी बैल जुंपले. मी आणि शरद गाडीत बसलो. नाल्यातून हिंदकळत, एकमेकांवर आपटत आम्ही वावरात पोचलो. भाऊंनी नुसता एक भारा चारा भरला, गाडी फिरवली आणि नानांच्या बांधाशी आणून उभी केली. काट्यांच्या पलीकडे नाना उभे होते. धोतर वर खोचलेलं, डोक्याला टोपी नाही. कपाशी त्यांच्या मांडीपर्यंत आली होती, पात्या, म्हणजे कळ्या, धरलेल्या, कुठं कुठं पिवळं फूल.

"पुनीव शे आज," भाऊ म्हणाले.

"माले म्हाईत शे," नाना म्हणाले.

 बैलांनी शेपट्या हलवल्या. नाना नाही म्हणतील असं मला वाटत होतं, आणि भाऊ गाडी तिथंच दिवसभर उभी ठेवतील हेही मला ठाऊक होतं. शेवटी नाना वाकले. त्यांनी काट्या ओढून बाजूला केल्या आणि कपाशी उपटायला सुरुवात केली. एक ओळ, मग शेजारची, मग तिच्या शेजारची. गाडी जाईल एवढी रुंदी. "पात्या लागेल कपाशी शे," ते खाली बघतच म्हणाले. "मन्हा हातनी उपटी ऱ्हायनू, देखी ले." भाऊ गाडीवर बसून होते. त्यांनी खाली उतरायला हवं होतं, हे माय नंतर जन्मभर म्हणत राहिली. ते उतरले नाहीत.

नाना पुढे, गाडी मागे, असं आम्ही निम्मं वावर आलो आणि चाक रुतलं. डावंच. काळी जमीन, श्रावणाचं पाणी, आणि नांगरून भुसभुशीत केलेली. आसापर्यंत आत गेलं. आम्ही पोरांनी खाली उड्या मारल्या. बैलांनी मान टाकली. नाना मागे वळून चाकाकडे बघत राहिले. पिढ्यान्‌पिढ्या दाबून दाबून दगड झालेली वाट त्यांनी फोडली होती आणि आता तिथं साधी जवळजवळ रिकामी गाडी चालत नव्हती.

"उतर ना आते तरी," नाना म्हणाले. "का बठ्ठं मीच करू?"

भाऊ उतरले. दोघांनी चाकाला खांदे लावले. नानांनी उपटलेल्या कपाशीच्या झाडांचे भारे चाकाखाली कोंबले, फुलांसकट. मी बैल हाकले. तिसऱ्या की चौथ्या झटक्याला चाक वर आलं आणि दोघंही चिखलात तोंडावर पडले. उठल्यावर नाना तोंड पुसत म्हणाले, "पेरनीले मन्हीच गाडी आठे फसनी व्हती. कोनले सांगं नही." भाऊ हसले. मोठ्यानं नाही, पण मी पाहिलं. नानांनी पाहिलं की नाही, सांगता येत नाही.

ती गाडी नानांच्या दारात पोचली तेव्हा कुरकुर ऐकून आळीतल्या बायका बाहेर आल्या होत्या. मायही त्यांच्यात होती. दोघांनी हातपाय धुतले, मोठमायनं पाट मांडला. रोट इतका वाळला होता की मोडताना काठी मोडल्यासारखा आवाज आला. तिनं दुधाची वाटी पुढे केली, भाऊंनी तुकडे बुडवून खायला सुरुवात केली. नाना समोर बसून बघत होते, सून दाराच्या आड उभी होती.  शेवटचा तुकडा संपल्यावर मोठमायनं ताटातला कणन्‌कण वेचून भाऊंच्या हातावर ठेवला. तो खाऊन भाऊंनी तोंड पुसलं.

"गूळ कमी शे," ते म्हणाले.

"तुन्हाच घरना गूळ व्हता," नाना म्हणाले.

भांडण मिटलं ते असं. कुणी कुणाची माफी मागितली नाही. भादव्यात रहीमचाचांच्या गाड्या त्या वाटेनं आल्या. वाटेत दोघा भावांनी मुरूम आणि तुराट्या टाकल्या होत्या, तरी बऱ्याच घडांना मार बसला आणि चाचांनी ते बाजूला काढले. बाकीचा माल मात्र गेला. बाग राहिली, वावर राहिलं. नानांच्या सुनेला मुलगा झाला, धडधाकट, आणि मोठमायनं पुढं कधी तो विषय काढला नाही. वाट पूर्वीसारखी कडक व्हायला मात्र बरेच पावसाळे लागले असं म्हणतात. मी ते पाहिलं नाही, कारण पुढच्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि त्या श्रावणात मी कानबाईला माहेरी आले तेव्हा मला वेगळं ताट वाढलं. पुरणपोळी होती, चांगली होती. शेजारी शरद रोट खात होता. त्या जेवणाचं मला वाईट वाटलं होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही.

भाऊ, नाना, माय, मोठमाय, सगळी गेली. शरदही गेला. आता वावर त्याचा मुलगा नीलेश बघतो. त्यानं नदीकाठच्या वावरातच घर बांधलं आहे, अंगण मोठं म्हणून कानबाई आता त्याच्याच घरी बसते. नानांचं वावर त्यांचा नातू बापू बघतो. तोच, ज्याच्यासाठी मोठमाय रोज टोपली उचलायची. आता त्याचंही डोकं पांढरं झालं आहे. परवा नीलेश धुळ्याला आला. शेतरस्त्याची योजना आली होती. बापूच्या वावरातून, आमच्या कडेनं, थेट नदीपर्यंत मुरुमाचा पक्का रस्ता होणार, ट्रकसुद्धा जाईल एवढा. बापूनं एका शब्दात संमती दिली होती. पण सातबाऱ्यावर नाव असलेल्या प्रत्येकाची सही लागत होती आणि भाऊंच्या मागे तिथं माझंही नाव लागलं होतं. हक्क सोडून दे असं मला कधी कुणी म्हणालं नव्हतं आणि मीही विषय काढला नव्हता.

"करसू सही," मी म्हटलं. "पन औंदा कानबाईले मन्हा नावनी एक मूठ घाला."

नीलेश हसला. "फुई, आते मुठी कोन मोजस? गिरणीमाईन तयार पीठ आनतस." आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात.

"मंग एक मूठ गहू दळी लय," मी म्हटलं. मी चेष्टा करत नाही हे त्याला कळलं आणि तो हसायचा थांबला. मी सही केली. भाऊंसारखं रोखून धरायचं माझ्या अंगात नाही, किंवा असेल, मी तपासून पाहिलं नाही.

रस्ता श्रावणाआधी झाला. कानबाईच्या दुसऱ्या दिवशी नीलेशच्या बायकोचा फोन आला. "फुई, तुमना नावनी मूठ घाली. रोट बी व्हयना," ती म्हणाली आणि जरा घुटमळली. "पन तो आते खाई कोन? तुमले ते चालत नही."

"झाकी ठेव," मी म्हटलं. "पुनवना आत मी येस."

मुलानं मला गाडीनं नेलं. गावाबाहेर वळलो आणि बापूच्या कपाशीतून सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना चर काढलेले. कुठं चाक रुतलं होतं ती जागा मला ओळखू आली नाही, काही आवाजही आला नाही, आणि बघता बघता आम्ही दारात. बापू तिथंच बसला होता. नीलेशच्या बायकोनं पाट मांडला, टोपलीखालून रोट काढला, दुधाची वाटी ठेवली आणि बाजूला झाली. मी लग्न होऊन परक्या कुळात गेलेली. तो मला चालत नव्हता, आणि माझ्या नावाचा म्हणून दुसऱ्या कुणाला चालत नव्हता. मी मोडला. दात फारसे उरलेले नाहीत, म्हणून दुधात बराच वेळ भिजू दिला आणि सावकाश खाल्ला, शेवटच्या कणापर्यंत.

"कसा शे फुई?" बापूनं विचारलं.

"गूळ कमी शे," मी म्हटलं.